सहा पिवळ्या पट्ट्या

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर लाकडी खुंट्यांची एक लांब रांग होती. नवख्या माणसाला वाटे, कामगारांचे डबे अडकवायची सोय असेल. पण त्या खुंट्यांवर पिवळ्या रंगाच्या लोखंडी पट्ट्या टांगलेल्या असत. हातभर लांब, दोन बोटं रुंद, दोन्ही टोकांना भोक. प्रत्येक खुंटीखाली खडूनं एक नंबर. ही रांग राजरत्न होवाळ यांनी केली होती. पट्टी भिंतीवर आली म्हणजे त्या नंबरचा जोड जागेवर बसून मोकळा झाला. खुंटी रिकामी म्हणजे तो अजून बांधलेला आहे.

माझे वडील गंगाधर, म्हणजे बाबा, त्या वर्कशॉपचे मालक. आठ कामगार, दोन लेथ आणि पत्र्याला पन्हळी पाडायचं एक मशीन. वाफेच्या मोठ्या पाइपांना लागणारे लवचिक जोड आम्ही बनवत होतो. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना बेलो म्हणत. राजरत्नकाका तिथे फिटर होते. शिराळ्याकडच्या एका गावातून आलेले, सांगलीत आयटीआय केलेले, माधवनगरला दोन खोल्यांत राहणारे. घरी बायको विजयमाला आणि मुलगी दीपमाला. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ते मला ताई म्हणत.

मी सातवीत असताना त्यांना विचारलं होतं, एवढ्या जाड पाइपाच्या मध्ये हा वहीच्या पुठ्ठ्याइतका पातळ पत्रा कशाला जोडता?

"पायप थंड हाय तवर शाना असतोय ताई. वाफ सोडली की वाढाय लागतो. शंभर फुटाला अडीच बोटं."

"मग वाढू दे की."

"जागा कुटं हाय त्याला? ह्या टोकाला टर्बाइन, त्या टोकाला उसाचा रस तापवायची भांडी. दोनीबी तसूभर हलत न्हाईत. मग ह्यो कुनाला तरी ढकलनारच." मग त्यांनी माझं कोपर दोन बोटांनी धरलं. "दुमडा."

मी हात दुमडला.

"आता बाजूला दुमडा."

"बाजूला कसा दुमडेल?"

"न्हाई ना? कोपर येकाच अंगानं वळतं. बिजागरीचा बेलो तसाच."

पुढे मी कॉलेजात गेले तरी कुणाही पाहुण्याला ते असंच समजावत. आधी कोपर, मग पेटी. त्यांचे वडील जलशात पेटी वाजवायचे, त्यामुळे भात्याचा दाखला त्यांच्या तोंडात असे. पन्हळी पत्र्याची नळी म्हणजे पेटीचा भाता, खालून घट्ट, वरून उघडणारा. फक्त इथे आत वाफ असते आणि वाफेला तो भाता ताणून सरळ करायचा असतो. म्हणून दोन्ही बाजूंना जाड पट्ट्यांची बिजागरी आणि मधोमध पिन. "ह्यी पिन त्याला सांगती, वळायचं तेवढं वळ बाबा, लांब व्हायचं न्हाई." एकटा बेलो काही कामाचा नसतो, हेही ते सांगत. पाइप जिथे वर चढून पुन्हा आडवा होतो तिथे तीन लागतात. लांब पाइप वाढून ढकलतो, मधला उभा पाइप थोडा कलतो, खालचा बेलो एका बाजूला वळतो, वरचा उलट्या बाजूला, आणि तिसरा उरलंसुरलं पोटात घेतो. दोन्ही टोकांच्या मशिनांना काही कळतसुद्धा नाही.

"कळलं न्हाई, म्हंजे काम झालं," ते म्हणत.

पिवळ्या पट्ट्यांचं काम मात्र उलटं. ट्रकमधून जाताना बेलो हलून दुखावू नये म्हणून त्या बोल्टांनी आवळून त्याला ताठ ठेवायचा. जोड बसला, पाइपाचे सगळे आधार पक्के झाले, की वाफ सोडण्याआधी त्या काढायच्याच. राहिल्या तर बेलो असून नसल्यासारखा. लांबूनही दिसाव्यात म्हणून त्या पिवळ्या. तरी एका ठिकाणी लोकांनी पिवळ्या ठेवून बिजागरीच सोडवली होती. तेव्हापासून राजरत्नकाका प्रत्येक कामावर स्वतः जात, पट्ट्या स्वतः काढत आणि पोत्यात घालून एसटीनं परत आणत. कंडक्टर ते पोतं पायानं ढकलून विचारे, "लोखंड इकाय चाललाय व्हय?" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर होतं. "इकाय न्हाई, भिताडाला लावाय."

वर्षातून एकदाच ते रजा घेत. दसऱ्याला. विजयमालाकाकू आणि दीपमालाला घेऊन मिरजेहून रेल्वेनं नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्यांच्या आईवडिलांनी छप्पन साली तिथे उभं राहून धम्म घेतला होता. काकांचा जन्म त्यानंतरचा, म्हणून नाव राजरत्न. जायच्या आदल्या दिवशी ते वर्कशॉपमधले सगळे पाने, हातोडे, छिन्न्या रॉकेलनं पुसून खंडेनवमीच्या पूजेसाठी चटईवर मांडून ठेवत. लेथवर काम करणारे नानासो त्यांना दरवर्षी छेडत.

"राजा, तू पुजेला थांबत न्हाईस, आन् पानं मातुर तूच घासून ठेवतोस!"

"गंजका पाना मला चालत न्हाई, नानासो. तुमच्या देवाचं तुमी बघा."

परत येताना ते माझ्यासाठी नागपूरची संत्रा बर्फी आणत. एक डबा, दरवर्षी, न चुकता.

१९९५ साली सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेची नवीन लाइन टाकली जात होती. तिला आमचे तीन बेलो होते. नंबर एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. प्रत्येकाला दोन, अशा सहा पट्ट्या. काकांनी महिनाभर तिथे राहून जोड बसवले. शेवटच्या दोन आधारांचं वेल्डिंग व्हायचं होतं, आणि त्याआधी पट्ट्या काढून चालत नाही. दसरा चार दिवसांवर आला होता. उरलेलं काम पुष्करनं बघायचं ठरलं. पुष्कर म्हणजे माझा चुलतभाऊ, नुकताच इंजिनिअर होऊन बाबांच्या हाताखाली आलेला.

काकांनी त्याला कागदावर लाइनीचं चित्र काढून दिलं. "पुष्करभाऊ, सहा हायत. मोजून आना."

"आणतो हो. सहापर्यंत आकडे येतात मला."

सगळे हसले. काकाही हसले. मी तेव्हा तिथेच बाबांच्या टेबलाशी बसले होते. मराठी विषय घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि वर्कशॉपची मराठी पत्रं लिहून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं, वेगवेगळ्या माणसांकडून कळलं. पुष्कर कारखान्यावर पोचला तो खंडेनवमीचा दिवस होता. वेल्डिंग आदल्या दिवशी झालं होतं. त्यानं तिथल्या फिटरांना पट्ट्या काढायला सांगितलं. पण सगळे पाने हळदीकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून पाटावर मांडलेले होते. "आज पाना उचलायचा न्हाई साहेब. उद्या सकाळच्याला काढतो की," ते म्हणाले. पुष्करलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरीही त्या दिवशी कुणी कात्रीसुद्धा हातात घेत नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो सांगलीला परत आला. घरी दसरा होता, श्रीखंड होतं, सोनं वाटायचं होतं.

तिकडे दसऱ्याला बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ होता. चेअरमन, संचालक, सपत्नीक पूजा, मंडप. पाहुण्यांच्या डोळ्यांना नवी लाइन चांगली दिसावी म्हणून रंगाऱ्यांनी त्याच सकाळी लवकर येऊन तिला टोकापासून टोकापर्यंत चंदेरी रंग मारला. पाइप चंदेरी, बिजागऱ्या चंदेरी आणि सहा पट्ट्याही चंदेरी. समारंभ संपल्यावर ज्याला पट्ट्या काढायच्या होत्या त्यानं वर बघितलं असेल, तर त्याला पिवळं काही दिसलं नसेल.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी काका कामावर आले. बर्फीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं. सहा खुंट्या रिकाम्या होत्या.

"पुष्करभाऊ, पट्ट्या?"

"त्यांनी काढल्या असतील. सांगून आलोय मी."

"तुमी बगितल्या न्हाईत?"

"अहो राजरत्न, खंडेनवमी होती. कोण पाना हातात घेणार?"

काका बाबांच्या टेबलाशी आले. "मालक, मी जाऊन येतो. चारची साताऱ्याची गाडी हाय. रातच्याला तिथंच ऱ्हातो, सकाळी काढून येतो."

बाबा कसलं तरी बिल बघत होते. शिराळ्याच्या बाजूला एका दूध डेअरीचा जोड दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. "उद्या डेअरीचा माल जाऊ दे. मग परवा जा. आत्ता फोन लावू."

फोन लावला. पलीकडे कारखान्याच्या ऑफिसात कुणी उचलला, "इंजिनिअर सायेब जागेवर न्हाईत," म्हणाला आणि ठेवला. काका टेबलाशी तसेच उभे राहिले. पुन्हा म्हणाले, "मालक, परवा उशीर व्हईल."

"राजरत्न, ते काय मूर्ख आहेत का? त्यांना काढता येतात पट्ट्या."

काका मागे वळले. मी मान खाली घालून लिहीत होते, पण त्यांची पावलं मला ऐकू आली. ती दाराकडे गेली, थोडा वेळ तिथे थांबली आणि मग डेअरीच्या जोडाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यानं लाइनीत वाफ सोडून बघितली. लाइन तापली, वाढली, आणि तिला कुठे वळता येईना. तिनं टर्बाइनच्या तोंडाचा जोड ढकलला. तिथलं पॅकिंग फाटून वाफ बाहेर आली. खाली अर्जुना जगदाळे नावाचा माणूस पाणी सोडायच्या व्हॉल्व्हपाशी उभा होता. त्याची मान आणि उजवा हात भाजला.

बाबा, पुष्कर आणि काका जीप करून गेले. काका शिडीनं वर चढले, खिशातल्या छिन्नीनं एका पट्टीवरचा रंग खरवडला. खाली पिवळा निघाला. पुष्करनं मला नंतर सांगितलं की त्यांनी एकेक करून सहाही पट्ट्या खरवडल्या आणि ते खाली उतरले. पट्ट्या चौकशीसाठी कारखान्यानं ठेवून घेतल्या.

आठवड्यानं कारखान्याचं पत्र आलं. लेखी खुलासा हवा होता.

बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "तुझी भाषा चांगली आहे. नीट लिही. कुणाला दुखवायचं नाही." पुष्करचं लग्न ठरत होतं, मुलीकडचे लोक दोन दिवसांनी येणार होते. बाबा एकेक गोष्ट सांगत गेले आणि मी लिहीत गेले. जोड बसवणं आणि त्यांच्या वाहतूक-पट्ट्या काढणं ही आमचे फिटर श्री. राजरत्न होवाळ यांची नेहमीची जबाबदारी आहे. ज्या दिवसांत हे काम होणं आवश्यक होतं त्या दिवसांत ते रजा घेऊन नागपूरला गेले होते. झाल्या प्रकाराचं आम्हाला मनापासून दुःख आहे.

पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. कोणतं वाक्य कोणत्या वाक्याशेजारी ठेवलं की वाचणारा काय समजेल, हे मला ठाऊक होतं. मी तेच शिकत होते. त्या दसऱ्याला सुट्टीवर दोघं होते, काका आणि पुष्कर. पत्रात एकच राहिला. आणि बाबांच्या टेबलाशी उभं राहून ज्यानं दोनदा जाऊ का विचारलं होतं, तो कुठेच नव्हता. लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "छान झालंय."

कारखान्यानं कळवलं की हा फिटर पुन्हा आमच्या आवारात नको. बाबांनी काकांना बोलावून पत्राची प्रत दाखवली. थोडे दिवस घरी थांब, वातावरण निवळलं की बघू, असं काहीतरी म्हणाले. काकांनी पत्र सावकाश वाचलं. मी दारात होते. ते बाहेर येताना माझ्यापाशी थांबले.

"अक्षर तुमचं हाय," ते म्हणाले, आणि गेले. मला ताई म्हणाले नाहीत.

बर्फीचा तो डबा टेबलाच्या खणात होता. आठवडाभरानं मी तो टाकून दिला.

काका परत आले नाहीत. बाबांनीही बोलावलं नाही. कुपवाडला सगळ्या वर्कशॉपमधली माणसं एकाच टपरीवर चहा पितात. वाफ सुटली ती होवाळच्या हातून, असं दोनचार महिन्यांत सगळ्यांना माहीत झालं. "त्यांच्या लोकांना दसऱ्याला रजा लागतीच," असंही कुणीतरी म्हणालं. मी स्वतः ऐकलं आणि ऐकून पुढे गेले. पाइपाचं काम त्यांना मिळेना. मग ते माधवनगरच्या आसपासच्या नव्या कॉलन्यांमध्ये नळ बसवायची कामं करू लागले. नानासोंनी त्यांना एकदा विचारलं, एवढा बेलोचा माणूस तू, ह्यात जीव रमतो का तुझा? ते म्हणाले, "थंड पाण्याचा पायप बरा. जेवढा हाय तेवढाच ऱ्हातो."

नानासोंकडूनच मला दुसरीही गोष्ट कळली. काकांनी नागपूरला जाणं सोडलं होतं. त्या वर्षापासून एकदाही गेले नव्हते. विजयमालाकाकू आणि दीपमाला दोघीच जात.

एम.ए. झाल्यावर मी सांगलीतच एका ज्युनिअर कॉलेजमध्ये शिकवू लागले. मुलांना निबंध लिहायला शिकवताना, वाक्यं कशी लावायची ते सांगताना, माझा खडू मध्येच थांबे. १९९९ च्या गणपतीत मी बसून एक पत्र लिहिलं. वर्कशॉपच्या वतीनं, कारखान्याला. त्यात पुष्करचं नाव होतं, खंडेनवमी होती, चंदेरी रंग होता, रिकाम्या सहा खुंट्या होत्या, काकांनी दोनदा केलेली विनंती आणि बाबांनी दिलेला नकार होता. ते मी बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. "चार वर्षांनी?"

"हो."

त्यांनी सही केली नाही. पण खणातून वर्कशॉपचा शिक्का आणि शाईची डबी काढून टेबलावर ठेवली आणि फिरायला निघून गेले. शिक्का मीच मारला, सही माझी केली.

पत्र पाठवण्याआधी मी माधवनगरला गेले. काका एका अर्धवट बांधलेल्या घराच्या गच्चीवर टाकीचा पाइप जोडत होते. केस बरेच पांढरे झाले होते. मला बघून त्यांनी हात फडक्याला पुसले आणि पत्र घेतलं.

"बराबर लिवलंय," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "पर येक ऱ्हायलं."

"काय?"

"चारची गाडी हुती. मालक नको म्हनले तरी मला जाता आलं असतं. स्टँडवर जाऊन बसायचं, येवढंच. मी दारापतुर गेलो आन् मागं फिरलो. त्ये लिवा."

"काका, ती तुमची चूक नव्हती."

"ताई, चूक कुनाची त्ये तुमी लिवलंच की सगळं. ह्ये माजं हाय. ह्येबी लिवा."

मी तिथेच, सिमेंटच्या पोत्यावर कागद ठेवून, ते वाक्य लिहिलं. मग विचारलं, कारखान्याला पाठवू ना?

ते बराच वेळ नळाचा आटा बोटानं चाचपत राहिले. "कारखान्यात आता कोन हाय त्या वेळचं? सायेब बदलला, चेअरमन बदलला. येकाच मानसाला, त्या अर्जुनाला, ह्ये कळायला पायजे. त्यो चार वर्सं समजून हाय की राजरत्न होवाळ नावाचा कुनीतरी मानूस पट्ट्या तशाच ठिवून सुट्टीवर गेला आन् माजा हात गेला. माजं नाव त्याच्या डोस्क्यात असं बसलंय." मग म्हणाले, "दीक्षाभूमीवर हात जोडायला गेलो तर मला त्याचा हात दिसंल, म्हनून जात न्हाई."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं निघालो. कारखान्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून मैलभर चालायचं होतं. काकांच्या हातात या वेळी पोतं नव्हतं आणि रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. पत्राचं पाकीट त्यांनी माझ्याकडेच राहू दिलं.

अर्जुना ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, डाव्या हातानं. उजवा हात कोपरात अर्धा दुमडलेला होता आणि तो तसाच राहिला होता. मानेची कातडी एका बाजूला ओढलेली. कारखान्यानं त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं होतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. त्याच्या बायकोनं चटई टाकली. मी माझं नाव सांगितलं, वर्कशॉपचं सांगितलं. मग काकांनी स्वतःच सांगितलं.

"मी राजरत्न होवाळ."

अर्जुनाचा हात शेंगांच्या सुपात थांबला. बायको दारातच उभी राहिली.

"मंग?" अर्जुना म्हणाला.

"ह्या ताईंनी येक कागद आनलाय. त्यो ऐका. मंग मी जातो."

मी वाचलं. माझा आवाज मला परका वाटत होता. चारच्या गाडीच्या वाक्याशी आले तेव्हा काकांनी मान खाली घातली. वाचून संपल्यावर अर्जुनानं काकांकडे बघितलं. घराच्या मागे कोंबड्या माती उकरत होत्या.

"म्हंजे तुमी त्या दिशी हुताच न्हाई व्हय तिथं?"

"न्हवतो. पर आदल्या दिशी येता आलं असतं. आलो न्हाई."

अर्जुनानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "चार वर्सं मी तुमच्या नावानं शिव्या घातल्या की. ह्या हातानं घास घेता येईना, तवा पयला नंबर तुमचाच." तो किंचित हसला. हसताना मानेची कातडी ताणली गेली. "आता कुनाला घालू?"

"ते पहिलं पत्र मी लिहिलं होतं," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. "तुमी व्हय? दवाखान्यात सायेबानं वाचून दावलं हुतं मला. म्हनले, बग, किती चांगल्या भाषेत माफी मागितलीया." आणि तो पुन्हा शेंगांकडे वळला.

बायकोनं चहा आणला. काकांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत.

"येक सांगा," अर्जुना म्हणाला, "ते जे काढायचं ऱ्हायलं, त्यानं नेमकं व्हतं काय? पायप फुटला येवढंच सगळी सांगत्यात. का फुटला, कुनी सांगितलंच न्हाई मला."

काकांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते पुढे सरकले आणि समोरच्याच्या कोपराकडे त्यांचा हात गेला. मध्येच थांबला. काही क्षण तो हात तसाच हवेत होता. मग ते उठले आणि घराच्या दाराशी गेले. एक फळी अर्धी उघडून बिजागरीवर बोट ठेवलं.

"ह्ये दार. ह्या पिनवर वळतंय. आतनं कुनी ढकललं तर उघडंल, चौकटीला काय व्हनार न्हाई. बेलोचं काम येवढंच." त्यांनी दार लोटून कडी घातली. "आता ही कडी म्हंजे ती पट्टी. आतनं धा मानसं ढकलाय लागली, कडी निघना. मंग काय व्हईल?"

"चौकट उचकटंल," अर्जुना म्हणाला.

"तसं झालं."

अर्जुना दाराकडे बघत राहिला. "आन् मी चौकटीपाशी हुतो, म्हना की."

"व्हय."

काकांनी कडी काढली, दार पूर्ण उघडलं, आणि ते परत येऊन चटईवर बसले. तेव्हा कुठे त्यांनी चहा प्यायला. तो निवला होता. निघताना अर्जुनानं पत्र मागून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं, डाव्या हातानं. काकांना तो म्हणाला, "जावा आता. गाडी चुकंल." एवढंच. पण फाट्यापर्यंत जाताना मी मागे बघितलं तर तो ओसरीवरून उठून रस्त्याच्या कडेला आला होता.

गाडीत मी काकांना विचारलं, या वर्षी नागपूरला जाणार का? "बगू," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये नेहमीसारखी पूजा झाली. पाने आता नानासो पुसतात, पण तसे लखलखीत होत नाहीत. बाबांनी काकांना कामावर येण्याबद्दल नानासोंकरवी विचारलं होतं. नळाचं काम बरं चाललंय, असा निरोप आला. एक्केचाळीस, बेचाळीस आणि त्रेचाळीस नंबरांच्या सहा खुंट्या रिकाम्याच आहेत. खडू पुसट झालाय. नव्या मुलांपैकी कुणीतरी तिथे डबा अडकवला होता, तो बाबांनी स्वतः उठून काढून ठेवला.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी दीपमाला सायकलवरून आमच्या घरी आली. आत आली नाही. फाटकाशी उभं राहूनच तिनं एक डबा माझ्या हातात दिला. "पप्पांनी नागपूरहून आणलाय."

संत्रा बर्फी होती. बाबांनी डब्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. मी उभ्यानंच एक तुकडा खाल्ला. पंच्याण्णव सालचा डबा मी न उघडताच टाकून दिला होता, हे काकांना मी अजून सांगितलेलं नाही.